क्रियापद येईपर्यंत

परतूर स्टेशनवर हैदराबादची मीटरगेज गाडी फार वेळ थांबायची नाही. अण्णांनी माझी पत्र्याची पेटी आत ढकलली आणि खिडकीतून म्हणाले, "पोहोचलीस की कळव. अन् तिथं लाजू नको. बराबर बोल." आईनं पिशवीत मोसंब्या भरून दिल्या होत्या. गाडी हलल्यावर तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण ते इंजिनाच्या आवाजात गेलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परतूरजवळच्या आमच्या आष्टीहून शिकायला इतक्या लांब जाणाऱ्या पोरी फार नव्हत्या.

आष्टीत राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला वाटतं मी इंग्रजी शिकले आणि सगळं सोपं झालं. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना माहीत आहे काय काय झालं ते. हैदराबादच्या हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यातच माझ्या 'करून राह्यले'ला शहरातल्या मराठी मुली हसल्या. महिनाभरात मी ते बोलणं गिळून टाकलं. मग लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागं इंग्लंडला आले, आणि तिथल्या कोर्टात दुभाषी म्हणून काम करू लागले. मराठीचं काम क्वचितच यायचं. आलं तरी पुण्या-मुंबईकडच्या मराठीचं.

प्रशिक्षणात आमच्या बाईंनी एक गोष्ट नीट समजावली होती. ऐकताना माणसाचं डोकं वाक्याचे सुटे तुकडे धरून ठेवतं. कुणी, कुणाला, कुठं. क्रियापद आलं की ते जुळतात आणि डोकं मोकळं होतं. पण एका वेळी थोडेच तुकडे धरता येतात. जास्त झाले, किंवा मधेच कुणी बोललं, की हातचं निसटतं. इंग्रजीत 'मी' म्हटलं की पाठोपाठ क्रिया द्यावीच लागते. आपल्याकडं केलं की नाही केलं, हे अगदी शेवटी कळतं.

नव्वदीच्या शेवटी बबनची केस आली. बबन आष्टीच्या शेजारच्या मंठा तालुक्यातला, इंग्लंडातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. हॉटेलच्या मागच्या खोलीत कामावरची पोरं झोपायची. तिथं आग लागली, दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि दोघं जबर भाजले. कुलूप बबननं लावलं, असं मालकाचं म्हणणं. ते खरं ठरलं असतं तर बबनची बरीच वर्षं तुरुंगात गेली असती.

कोर्टात शिरताना त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?" दुभाष्यानं आरोपीशी खासगी बोलायचं नसतं. मी मान खाली घातली.

सरकारी वकिलानं विचारलं, त्या दिवशी मागच्या दाराचं काय झालं? बबन बोलू लागला:

"मालकानं भाईर जाताना मला जे सांगितल्तं, की ज्या दाराची कडी ढिली झालीय अन् ज्याच्यातून पोरं येऊन-जाऊन राह्यलेत त्या दाराला कुलूप लाव म्हणून, तर ते कुलूप मी, किल्ली माझ्याजवळ असूनबी, अन् मालक फोनवर वरडूनबी..."

इथं त्याला ठसका लागला. तो पाणी प्यायला. मी मालक, कडी, पोरं, किल्ली, फोन, सगळं धरून उभी होते.

"बोलला तेवढं सांगा," वकील म्हणाले.

तेवढं सांगितलं असतं तर ज्यूरीनं काय ऐकलं असतं? मालकानं कुलूप लावायला सांगितलं, किल्ली बबनकडं होती. पुढचं त्यांनी स्वतःच जोडलं असतं. आणि मलाही पुढचं ठाऊक नव्हतं. 'लावल्तं' येईल की 'न्हाई' येईल, सांगता येत नव्हतं.

"वाक्य पुरं झालेलं नाही," मी न्यायाधीश बाईंना म्हणाले. "या भाषेत होय की नाही, ते शेवटी येतं."

"दुभाषी बाई आपल्या माणसाला वेळ देत आहेत," वकील म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी बबनला वाक्य पुरं करायला सांगितलं. पण या बोलाचालीत त्याचा धागा तुटला होता. तो भांबावून म्हणाला, "काय म्हणून राह्यल्तो मी?"

आता ते अर्धं वाक्य फक्त माझ्या डोक्यात होतं. मी परवानगी मागितली: त्याचेच शब्द, जसेच्या तसे, त्याला परत ऐकवू का? वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "एकही शब्द कमी नको, जास्त नको."

मी बोलू लागले. प्रमाण मराठीत ते वाक्य मला आठवेचना. ते आठवत होतं तसंच, त्याच्या चालीवर. "सांगितल्तं... ढिली झालीय... येऊन-जाऊन राह्यलेत..." हॉस्टेलात गिळलेलं बोलणं भर कोर्टात माझ्या तोंडून बाहेर पडत होतं. "...मालक फोनवर वरडूनबी," म्हणून मी थांबले.

बबन म्हणाला, "लावलंच न्हाई, साहेब. आत पोरं झोपल्ते. भाईरून कुलूप कसं लावू?"

मी इंग्रजीत सांगितलं. पहिल्याच शब्दांत: मी लावलं नाही. ज्यूरीतल्या एक बाई पेन खाली ठेवून बबनकडं पाहू लागल्या. पुढं मालकाला परत बोलावून त्याची उलटतपासणी झाली, तेव्हा दुसरी किल्ली त्या दिवशी त्याच्याच खिशात होती आणि परत येऊन कुलूप त्यानंच लावलं होतं हे निघालं. बबन सुटला.

निकालानंतर तो कोर्टाबाहेरच्या बाकावर पोलिसांनी परत दिलेली पिशवी घेऊन बसला होता. माझं काम संपलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "मी आष्टीची."

"आष्टी?" तो उठूनच उभा राहिला. "बाजाराला आल्तो ना मी तिथं! बापासंगं, बैल बघायला..."

आणि तो बोलत सुटला. बापाचं, बैलाचं, मंठ्याच्या रस्त्याचं, एकात एक अडकलेलं, कुठं सुरू झालं अन् कुठं संपायचं ते त्यालाही ठाऊक नसलेलं. मी बाकावर बसून ऐकत राहिले. काहीच धरून ठेवायचं नव्हतं. कुणाला काही सांगायचं नव्हतं. घर म्हटलं की आता मला ते बाक आठवतं. मधेच त्यानं विचारलं, "कळून राह्यलंय ना, ताई?"

"कळून राह्यलंय," मी म्हणाले. "बोल तू."