पश्चिमेची दुहेरी भिंत

शनिवार, ६ जुलै २०२४, सकाळी सव्वासहा. पश्चिमेच्या खोलीत पत्नी खोकत उठली. खिडकी लोटण्यासाठी मी आत गेलो, तेव्हा भिंतीवर पहिला डाग दिसला. तळहाताएवढा. हात लावून पाहिला, ओल होती. दिवा लावल्यावर आणखी दिसले.

नागावात आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्याचे चार महिने वाऱ्याची झड पश्चिमेच्या भिंतीवर आपटत राहते. जुनी भिंत जांभ्याची होती. दर वर्षी तिच्यावर नारळाच्या झापांची आड बांधत असू. तरी श्रावणापर्यंत ती आतून पाझरू लागे. पत्नीला दमा आहे. ओलसर खोलीत राहू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. पुण्याला राहणारी आमची मुलगी तिला कायमची घेऊन जाण्यास तयार होती. पत्नी तयार नव्हती. अखेर ठरले ते असे : मी भिंत नवी बांधावी, खोली कोरडी राहिली तर तिने येथे राहावे, ओली झाली तर पुण्यास जावे. अट तिनेच घातली. चाळीस वर्षे मी इतरांच्या भिंती तपासण्याची नोकरी केली होती. माझी स्वतःची भिंत चुकेल, असे तिला वाटले नसावे. मलाही वाटले नव्हते.

भिंत दुहेरी विटांची होती. बाहेर एक, आत एक, आणि मध्ये दोन इंचांची मोकळी जागा. पाऊस बाहेरची भिंत भिजवतो, पाणी मोकळ्या जागेतून खाली उतरते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते. आतली भिंत कोरडी राहते. दोन्ही भिंतींनी एकमेकींना धरून राहावे म्हणून ठरावीक अंतरावर लोखंडी पट्ट्या घालायच्या. याखेरीज मध्ये काहीही असता कामा नये. गवंड्याला मी हे कागदावर काढून दिले होते.

टेप आणली. डाग खिडकीच्या कठड्यापासून वरच होते. खाली एकही नव्हता. एका रांगेतील दोन डागांत तीन फूट अंतर, दोन रांगांत दीड फूट. पट्ट्यांसाठी मी कागदावर लिहिलेली हीच मापे होती. प्रत्येक पट्टीच्या जागी पाण्याला वाट मिळाली होती.

गवंडी शेजारच्या आळीत राहतो. निरोप पाठवला, नऊला आला. पाय पुसून आत आला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

"गळतंय?"

"पट्ट्या कुठे आहेत?"

"खिडकीखाली घातल्यात. वर न्हाय घातल्या. वर आडव्या विटा दिल्यात." चांगले काम सांगावे तसे त्याने सांगितले.

आमच्याकडे जांभ्याची रुंद भिंत रचताना मधूनमधून एक लांब दगड आडवा घालतात; तो भिंतीच्या दोन्ही अंगांना धरतो. गवंड्याच्या वडिलांनी तो घातला, आज्याने घातला. ज्या गवंड्याच्या भिंतीत तो नसतो, त्याला गावात दुसरे काम मिळत नाही. त्याने दगडाच्या जागी वीट घातली होती. नऊ इंचांची वीट : साडेचार इंच बाहेरच्या भिंतीत, दोन मोकळ्या जागेत, अडीच आतल्या भिंतीत. पाण्यासाठी याहून चांगला पूल मलाही काढून देता आला नसता.

"कागदावर काय लिहिले होते?"

"सायेब, कागद घरात ऱ्हातो, भिंत दर्यावर ऱ्हाते. तुमच्या खिडकीचं गज बघा, कसं खाल्लंय त्यांना. पट्टी गंजली का बाहेरची भिंत येगळी, आतली येगळी. वादळात माझ्या मेव्हण्याची भिंत आडवी झालेली मी बघितलीय. काकींची खाट हाय इथं. अशी सुटी भिंत उभी करून मी घरी जाऊन झोपू?"

गंजाबद्दल तो खोटे बोलत नव्हता. जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्या येण्यास पंधरा दिवस लागणार होते. मी थांबलो नाही. साध्या पट्ट्या घेऊन त्यांना रंग दिला.

"मला विचारायचे होते."

"इचारलं ना! फोन केला व्हता. तुमी हास्पिटलात व्हतात. मी बोललो, पट्ट्या नको, वीट घालतो. तुमी बोललात, बरं, घाला."

मला आठवले. फेब्रुवारीत भिंत खिडकीपर्यंत आली असताना पत्नीचा दमा उसळला आणि आम्ही नऊ दिवस रुग्णालयात होतो. फोन आला तेव्हा तिला ऑक्सिजन लावत होते आणि मी दाराबाहेर उभा होतो. गवंडी काय म्हणाला, हे मी ऐकले नव्हते. उत्तर मात्र दिले होते. परतलो तेव्हा भिंत पूर्ण होऊन बाहेरून गिलावाही झाला होता. मी ओळंबा लावून पाहिला. भिंत सरळ होती. एवढ्यावर समाधान मानले.

"दसऱ्यानंतर एकेक वीट काढून देतो," गवंडी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "तवर बाहेरून ताडपत्री लावू?"

"लावा. पण आतली भिंत दिवाळीपर्यंत सुकणार नाही."

"काकींना मी सांगू काय? चूक माझी हाय."

"नाही. तुम्ही विचारले होते."

तो गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. पत्नी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मोजून झालं?"

"झाले. अकरा."

"परवा नऊ होते."

मी तिच्याकडे पाहिले. दोन दिवस तिला माहीत होते.

"सांगितले का नाहीस?"

"अहो, सांगितलं असतं तर परवाच जावं लागलं असतं." तिने एक खडा बाजूला टाकला. "खाट इकडे चुलीपाशी आणली तर नाही चालणार?"

"भिंत ओलीच राहणार. ओल सगळ्या घरात येईल."

"मग दाराला पडदा लावू. जाड."

तांदळाचे ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, "फोन तुम्हीच करा. मी केला तर ती रडेल, मग मीही रडेन, आणि खोकला येईल."

फोन मी केला. मुलीला वाटले, आईला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. तसे नाही, असे सांगितले. भिंत ओली झाली आहे, उद्या गाडी घेऊन ये. तिने विचारले, "बाबा, भिंत कशी काय चुकली?" मी म्हणालो, गवंड्याने मला विचारले होते आणि मी हो म्हटले होते.

दुपारी औषधे कागदात बांधली आणि प्रत्येक पुडीवर वेळ लिहिली. संध्याकाळी माळ्यावरून मोठी बॅग काढली. कापडावर बुरशी होती. ती रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि बॅग पंख्याखाली उघडी ठेवली. चेन निम्म्यावर अडकत होती. तिच्या दातांवर मेणबत्ती घासली आणि ती सहज सरकेपर्यंत तीनचार वेळा ओढून पाहिली.