साध्या पाण्याचे मडके

ताटात तळलेला मासा आला की माझा हात क्षणभर थांबतो आणि ती घटना आजही आठवते. भीतीने नव्हे बरे का, हसू येते म्हणून. पोलीस खात्यात गुन्हा कबूल न करणारे आरोपी मी पोत्याने पाहिले. पण 'बाबा रे, तुझी कबुली मागे घे' म्हणून ज्याच्या विनवण्या कराव्या लागल्या, असा आरोपी एकच भेटला. तो महाडला भेटला.

साठच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी नवा फौजदार होतो, मिशीला अजून नीट पीळ बसत नव्हता. माघातली सकाळ. हजेरी उरकून मी ठाण्याच्या ओसरीवर चहा घेत होतो, तोच पोलादपूरच्या वाटेवरच्या एका गावचा पोलीस पाटील आवारात शिरला. सायकल एकीकडे पडली, पाटील दुसरीकडे उभा राहिला.

"साहेब, आमचा डोह मेला!"

"डोह कसा मरेल, पाटील? बसा, पाणी प्या."

"पाणी नको!" तो असा काही किंचाळला की माझ्याही घशाखाली चहा उतरेना.

जाऊन पाहतो तर सावित्री नदीच्या त्या डोहात पाणी दिसत नव्हते, नुसती मासळीची पांढरी पोटे दिसत होती. काठावर एक म्हैस पाय ताठ करून पडली होती. ती म्हणे पहाटे डोहाचे पाणी प्यायली आणि झटके देत देत तिने जीव सोडला. माणसे लांब उभी होती. पंच बोलावले, पंचनामा केला, पाण्याच्या बाटल्या भरून लाखेने मोहोरबंद केल्या. या बाटल्या मुंबईला सरकारी रसायन परीक्षकाकडे जायच्या आणि उत्तर यायला पावसाळा उजाडायचा. तोवर उरलेले विष कोणाच्या घरात, कोणत्या फडताळात बसले आहे, हे कोण सांगणार? मला त्याचीच धास्ती होती.

गावाला मात्र धास्ती नव्हती. गावाने आरोपी आधीच ठरवून ठेवला होता.

या भागात गेळ नावाचे काटेरी झाड आहे. त्याची फळे ठेचून डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात आणि हाताने गोळा करता येतात. त्या गावात या विद्येचा एक म्हातारा दादा होता. अंगाने काटकुळा, आवाजाने ढोल. 'यंदा माजा गेळ डोह रिकामा करंल' असे तो चार दिवस चावडीवर सांगत होता, आणि त्याच पहाटे त्याने खरोखरच डोहात गेळ टाकला होता. मी त्याचे नाव पुकारले. म्हातारा गर्दीतून छाती काढून पुढे आला.

"मीच मारलं, साहेब. सगलं मासं मीच मारलं. म्हस पन मीच मारली!"

गावाकडे त्याने असे पाहिले की जणू कुस्तीचा नारळ त्यालाच मिळाला होता.

ठाण्यात आणून मी त्याची चौकशी सुरू केली. आयुष्यात अशी चौकशी केली नाही.

"बाबा, गेळात आणखी काही मिसळले होते का?"

"काय नाय. माजा हातगुन."

"दरवर्षी टाकता. आजवर म्हैस मेली नाही, मग यंदाच कशी मेली?"

"यंदा गेळ जबर हाय."

आमचे हवालदार खात्यात मुरलेले होते. ते कानाशी लागून म्हणाले, "साहेब, गुन्हा कबूल आहे. उद्या दुपारी कोर्टापुढे उभा करू, मोकळे होऊ." मी म्हटले, "हवालदार, हा माणूस गुन्हा कबूल करत नाही, बढाई मारतोय." हवालदार म्हणाले, "कोर्टाला दोन्ही सारखेच दिसते."

त्यांचे खरे होते. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण हा गडी मॅजिस्ट्रेटपुढेही हाच ढोल वाजवणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची म्हातारी भाकरी घेऊन आली. कोठडीच्या गजांतून भाकरी आत गेली आणि पाठोपाठ तोंडाचा पट्टा.

"आज नातीची हळद हाय, उद्या लगीन, आनि आजा बसलाय हितं पावना होवून! वऱ्हाडाला काय सांगू? आजा मोटा मारेकरी हाय म्हनून?"

"गप गो! गावात वट काय झालीय बगितलीस?"

"वट! साहेब, ह्याच्या गेळानं कदी मासा मेलाय? टोपलीतनं घरला येस्तवर निम्मं उड्या मारून पल्तात. मी चुलीवर टाकला तरी शेपूट हलवतो!"

म्हातारा लालबुंद झाला. म्हातारी पदर खोचून निघाली. "मला हळदीचं वडं तलायचं हायत. तू बस हितं," असे सांगून गेलीसुद्धा. मी मात्र खुर्चीवरून उठून उभा राहिलो. टोपलीतून उड्या मारून पळतात!

तेवढ्यात म्हशीची चिरफाड आटोपून गुरांचे डॉक्टर आले. नागपूरकडचे तरुण गृहस्थ, फटफटीवर फिरणारे, बोलणेही फटफटीसारखेच. मी त्यांना म्हातारीचे वाक्य ऐकवले. त्यांनी टाळीच वाजवली. "फौजदारसाहेब, ही म्हैस गेळाने मेलेली नाही. हे फवारणीचे औषध असावे. पण असावे म्हणून चालणार नाही. मुंबईची वाट कशाला बघता? माशांनाच विचारू!"

आणि मग महाडच्या पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात जे घडले ते कोणत्याही नियमपुस्तकात नाही. कुंभाराकडून मडकी आणली. डोहाच्या बऱ्याच वर, स्वच्छ पाण्यातली बोटभर लांबीची जिवंत मासळी घागरीतून आणवली. एका मडक्यात म्हाताऱ्याचा ठेचलेला गेळ. एकात डोहाचे पाणी. पुढच्यात तेच पाणी, पण निम्मे चांगले पाणी घालून. त्यापुढे आणखी पातळ, मग त्याहून पातळ. शेवटचे मडके नुसत्या साध्या पाण्याचे.

"याचा काय उपयोग?" हवालदारांनी विचारले.

"हे सर्वांत महत्त्वाचे," डॉक्टर म्हणाले. "यातलेही मासे मेले तर समजायचे की विषाने नाही, तुमच्या धाकाने मेले!"

म्हाताऱ्याला बेडीसकट बाहेर आणून बसवले. मडक्यांत मासे सोडले. सगळे ठाणे वाकून बघत होते. पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा बंदूक घेऊन आला, त्याला मी परत हाकलले. थोड्याच वेळात गेळाच्या मडक्यातले मासे डुलू लागले, कलंडले, पोट वर करून तरंगू लागले.

"बगा!" म्हातारा बेड्या वाजवत नाचला. "बगा माजा गेळ!"

डॉक्टरांनी ते कलंडलेले मासे अलगद उचलून साध्या पाण्यात सोडले. एका माशाने कल्ला हलवला. दुसरा सरळ झाला. आणि तिसऱ्याने अशी उसळी मारली की तो थेट हवालदारांच्या बुटावर येऊन आदळला. ठाणे हसत सुटले. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र उतरला. हवालदार माशाला उचलत म्हणाले, "बाबा, तुमचा मयत पळून चाललाय."

डोहाच्या पाण्याकडे वळलो आणि हसणे थांबले. तिथले मासे डुलत नव्हते. ते वेड्यासारखे गरगर फिरत, मडक्यावर डोकी आपटत, थरथरत. मग ताठ होत. त्यांना साध्या पाण्यात टाकले, ते उठले नाहीत. पातळ पाण्यातले गेले. त्याहून पातळ पाण्यातलेही गेले. सर्वांत पातळ मडक्यातल्या माशांना झटके येऊ लागले तेव्हा डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "फौजदारसाहेब, एवढ्याशाने हे होते. ज्याच्या घरात हे आहे, त्याचे घर आज वाचवले पाहिजे."

म्हातारा मडक्यात बघत होता. त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि, खोटे कशाला सांगू, हेवाही होता. "मंग हे कोनाचं?" तो पुटपुटला. "माज्यापरास जबर कोन आला गावात?" मग त्याने स्वतःच मान वर केली. "डोहाच्या वरच्या अंगाला वालाचं श्यात हाय. मालकानं मुंबयवरनं पंप आनलाय. परवा धूर काडल्यावानी मारत व्हता."

बेडी काढली. फटफटीवर पुढे डॉक्टर, मध्ये मी, मागे म्हातारा, आणि त्याच्या मांडीवर जिवंत माशांची घागर. हवालदार सायकलवरून येतो म्हणाले. त्या रस्त्याने आम्हाला ज्यांनी पाहिले, ते पुढे कित्येक दिवस मला सलाम करताना हसत.

वालाचा मालक खाऊनपिऊन सुखी, आदबशीर माणूस. त्याने काही लपवले नाही. लपवण्यासारखे काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

"वालावर मावा कीड पडली होती, साहेब. मुंबईच्या भावाने एंड्रिन पाठवलं. एका फवाऱ्यात शेत साफ!"

"उरलेले कुठे आहे?"

"उरलं नाही. पंप आणि डबा डोहात स्वच्छ विसळून घेतला. आपलं काम चोख असतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी विचारले, "आणि तो डबा?"

"दिला की. चांगला झाकणाचा डबा, फेकायचा कशाला? ह्या बाबांच्या म्हातारीनेच मागितला. हळदीच्या वड्यांना घाण्यावरून तेल आणायला."

माझ्या पाठीमागे घागर हिंदकळली. म्हातारा ती घेऊन पळत सुटला होता.

बांधावरून, वालातून, काट्यांतून आम्ही त्याच्यामागे धावलो. डॉक्टर धापा टाकत ओरडत होते, "ते विष तेलकट असते! पाण्याने जात नाही, तेलात उतरते!" माझी टोपी कुठेतरी कुंपणाला राहिली. वाडीत मांडव दिसला, हळदीची गाणी ऐकू आली, आणि चुलीवर कढई. म्हातारी पहिलाच वडा थापून तेलात सोडणार, तोच म्हाताऱ्याने तिचा हात धरला.

"सोड! खुळा झालास काय?"

"टाकू नको गो! इख हाय त्यात, इख!"

आम्ही पोचलो आणि आधी कढई खाली उतरवली. मांडव खवळला. वऱ्हाडी तावातावाने पुढे आले. तेल ताजे, घाण्यावरचे, डबा घासलेला. पोलिसांना शुभकार्यात हीच वेळ सापडली का? मी वर्दीचा आवाज काढला, कोणी ऐकेना. नवरी हळदीच्या अंगाने दारात रडत उभी होती.

तेव्हा म्हाताऱ्याने घागर खाली ठेवली आणि ढोलाच्या आवाजात म्हणाला, "दोन कलशी आना! तीन आना! शेजारच्या घरचं तेल आना!" एकीत त्याने डब्यातले तेल टाकून पाणी खळबळून घेतले, दुसरीत शेजारचे तेल तसेच खळबळले. प्रत्येकीत मासे सोडले. एक वऱ्हाडी म्हणाला, "तेल दोन हायत. तिसरी कशाला?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिले. "साद्या पान्याची! तिच्याबिगर काय कलनार तुला? डाक्टरांचा कायदा हाय!"

गाणी थांबली. नवरीसुद्धा पुढे येऊन वाकली. साध्या पाण्यातले मासे फिरत राहिले. शेजारच्या तेलाखालचे फिरत राहिले. डब्यातल्या तेलाखालचा पहिला मासा गरगरला, थरथरला आणि ताठ झाला. मग दुसरा. कोणीतरी लहान लेकरांना मागे ओढले. म्हातारीने नवऱ्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

ते तेल नदी-विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात गेले. डब्याला हवालदारांनी, नुकतेच घामाघूम पोचले होते तरी, पहारीने भोके पाडली. मग वाडीतल्या घराघरातून वाटी वाटी तेल आले आणि हळदीचे वडे झाले. वालाच्या मालकाने कोर्टात आपला दोष मान्य केला. पुढे तोच गावभर विषाचे डबे फोडत फिरे. मुंबईचा अहवाल आला तेव्हा डोह पावसाने तुडुंब भरला होता. त्यात जे लिहिले होते ते माशांनी कधीच सांगून टाकले होते.

लग्नात म्हाताऱ्याने मला बाजूला घेतले. "साहेब, माज्या कागदावर काय लिवलंव?"

"निर्दोष, असे लिहिले."

तो हिरमुसला. "निसतं निर्दोष? दोन-चार तरी मासं माज्या गेळानं मेलं असं लिवा की!"

या प्रकरणाने मला शिकवले की माणूस शिक्षेला भितो हे अर्धेच खरे; गावात मोठे दिसायला तो तुरुंगातही हसत जाईल. म्हणून पुढे कबुली हाती आली की मी पेन खाली ठेवून विचार करी, याला यातून काय मिळते? आणि वाईट हेतू शोधत बसलो असतो तर तो डबा सापडला नसता. डोह मारणारा माणूस सज्जन होता, तो फक्त भांडे स्वच्छ धूत होता.

निवृत्तीनंतर एकदा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. पांढऱ्या कोटातली एक मुलगी काचेच्या पेट्या दाखवत होती. कोणते रसायन किती पातळ केले तरी मासे मारते, ते आधी इथे तपासायचे, म्हणजे पुढे माणसांना आणि नदीला धोका नाही. मी पेट्यांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि विचारले, "यात साध्या पाण्याची कोणती?"

ती चकित झाली. "शेवटची. काका, हे तुम्ही कुठे शिकलात?"

मी म्हटले, "एका हळदीला गेलो होतो."