नलूची जोडी

प्रेमदास थूल यांना गावात सगळे थूल गुरुजी म्हणत. अल्लीपूरच्या बाजूला एक मोठंसं गाव आहे, तिथल्या प्राथमिक शाळेत ते पहिलीला शिकवत. अंगाने काटकुळे, बोलणं हळू, आणि रागावले की आणखीच हळू. त्यांना एकच वेड होतं. पोरांना वाचायला शिकवायचं ते बाराखडीपासून नाही, अख्ख्या शब्दापासून.

हे वेड घरातच सुरू झालं. लग्न झालं तेव्हा कमलाबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. गुरुजींनी पाटी आणून दिली. कमलाबाईंनी काही दिवस अ-आ गिरवलं आणि पाटी कोनाड्यात ठेवून दिली. ह्या काड्या मांडून हाती काय येते, असं त्यांनी विचारलं. तेव्हा गुरुजींनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले. एकावर 'मीठ' लिहून तो मिठाच्या बरणीला बांधला, 'पाणी' माठाला, 'दार' दाराला. स्वयंपाक करता करता कमलाबाई वाचायला लागल्या. पुढे त्या सभांची पत्रकं शेजारणींना वाचून दाखवत. पुठ्ठे केव्हाच गळून गेले.

शाळेत मात्र गुरुजींचं कोणी ऐकत नसे. पोरं जास्त म्हणून पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. दुसरी तुकडी अण्णाजींची. अण्णाजी वयाने मोठे, मायाळू, पण बाराखडी पाठ झाल्याशिवाय पुस्तक हाती देत नसत. गुरुजींची पोरं हुशार निघाली तर लोक म्हणत, पोरंच हुशार होती. आणि धम्मदीक्षा घेतल्यापासून गावातली काही माणसं गुरुजींशी कामापुरतंच बोलत होती; त्यांच्या नव्या पद्धतीचं कौतुक करायला कोण येणार?

सत्तावनच्या उन्हाळ्यात हिंगणघाटला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथे त्यांना प्रभाकरराव भेटले. ते नागपूरला एम. एड. करत होते आणि प्रबंधासाठी विषय शोधत होते. गुरुजींचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले की हे आकड्यांनी तपासता येईल. दोन वर्ग, दोन पद्धती, वर्षाच्या शेवटी वाचनाची एकच परीक्षा, आणि दोन्ही वर्गांच्या सरासरीची तुलना.

नुसती सरासरी जास्त आली म्हणून भागत नाही, हेही त्यांनी समजावलं. एकाच वर्गातलं एक पोर फार वर, एक फार खाली असतं. अशा वेळी सरासरीतला थोडाफार फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. म्हणून तो फरक पोरापोरांतल्या चढउताराशी ताडून पाहायचा. त्यातून जो आकडा निघतो त्याला टी म्हणतात. कोष्टकात दिलेल्या आकड्याहून तो मोठा आला, तरच फरक शिकवण्यामुळे पडला असं म्हणता येतं. गुरुजींना हे फार पटलं. एखादं चुणचुणीत पोर पुढे उभं करून वाहवा मिळवणं त्यांना कधीच आवडलं नव्हतं.

जूनमध्ये प्रभाकरराव आले. त्यांनी पोरांना चित्रं दाखवली, आकृत्या जुळवायला दिल्या आणि त्या गुणांवरून जोड्या लावल्या. वय सारखं, गुण सारखे, असं एक पोर गुरुजींच्या वर्गातलं आणि एक अण्णाजींच्या वर्गातलं. पोरांना ह्यातलं काही सांगितलं नाही.

गुरुजींची नलू त्याच वर्षी पहिलीत बसली होती. आईबापाचं एकुलतं लेकरू. बोलकी, मोठ्या डोळ्यांची, जेवताना एक पाय हलवत राहायची. तिची जोडी लागली अन्नपूर्णेशी. ही मनोहररावांची मुलगी. मनोहररावांची भाजीची वाडी होती आणि गावात शब्द चालत असे. शिक्षकाचीच मुलगी म्हटल्यावर प्रभाकरराव घुटमळले. घरी तिला जास्तीचं शिकवलं गेलं तर तुलना बिघडेल. गुरुजींनी शब्द दिला की घरी एक अक्षरही सांगणार नाही.

तो शब्द त्यांनी पाळला. संध्याकाळी नलू साबणावरचा कागद घेऊन यायची, काय लिहिलंय विचारायची. गुरुजी म्हणायचे, उद्या शाळेत विचारजो. ती आईकडे जायची. कमलाबाईंनाही मनाई होती. त्या एकदा चिडून म्हणाल्या, मले चुलीपाशी बसून शिकवलं आन् पोटच्या पोरीले परकी करून राह्यले. गुरुजींनी समजूत घातली, एकाच वर्षाचा प्रश्न आहे, मार्चनंतर तिला हवं तेवढं सांगू. नलूने मग विचारणंच सोडलं. कागद जमवून ठेवायची आणि सकाळी दप्तरात घालून न्यायची.

दिवाळीनंतर तिला वाचता येऊ लागलं. भिंतीवरच्या पाट्या, बाजारातल्या पिशव्या, सगळं वाचत सुटायची. वर्गात तिच्याहून चांगली वाचणारी दोघंतिघं होती, पण इतक्या आनंदाने कोणी वाचत नव्हतं.

फेब्रुवारीत तिला ताप आला. दिवसा उतरायचा, संध्याकाळी चढायचा. वर्गात नवी गोष्ट सुरू होती आणि ती नलूला चुकवायची नव्हती. परीक्षाही जवळ आली होती. गुरुजींनी कपाळाला हात लावून पाहिला, फार नाही वाटलं, आणि तिला बरोबर नेलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. तिसऱ्या दिवशी ती बाकावर मान टाकून झोपली आणि हाक मारली तरी नीट उठेना. बैलगाडी जुंपून हिंगणघाटला नेली. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला, औषधं सुरू केली, होते ते सगळे उपाय केले. काही दिवस ती तगली. एका दुपारी कमलाबाई तिचं तोंड पुसत होत्या, आणि पुसता पुसताच त्यांना कळलं.

घरी परतल्यावर कमलाबाईंनी एकदाच विचारलं, "आंग तपत होतं तं शाळेत काऊन नेलं?"

कमलाबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि न विचारणंच गुरुजींना जड जाऊ लागलं.

परीक्षेला प्रभाकरराव आले तेव्हा त्यांना ही बातमी मोटारीतून उतरल्यावर कळली. ते थेट घरी गेले आणि परीक्षा पुढे ढकलू म्हणाले. गुरुजी नको म्हणाले. बाकीच्या पोरांनी वर्षभर मेहनत केली होती. परीक्षा झाली. एकेक पोर आत जाऊन प्रभाकररावांपुढे उतारा वाचत होतं, आणि गुरुजी बाहेर शाळेच्या ओट्यावर बसून ते आवाज ऐकत होते.

संध्याकाळी प्रभाकरराव आकडे मांडायला बसले. गुरुजी समोर होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नलूचं काय करता?"

प्रभाकररावांनी पेन खाली ठेवलं. शेवटची परीक्षा न दिलेलं पोर तुलनेत धरता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि जोडीतलं एक गेलं की दुसरंही सोडावं लागतं. म्हणजे अन्नपूर्णाही. मग गुरुजींचा चेहरा पाहून ते म्हणाले, "एक वाट आहे, गुरुजी. एखादा आकडा हुकला तर त्या जागी अंदाजाने भर घालतात. तुमच्या वर्गाची सरासरी तिच्या नावावर घालता येईल. खाली तशी टीप देऊ. ती राहील."

गुरुजींना ते हवं होतं, हे उघड दिसत होतं. मग ते म्हणाले, "सरासरी म्हंजे सगळ्या पोरायची. थ्या आकड्यात नलूचं काय आहे? तिच्या जागी दुसरं काई ठेवू नोका. जागा रिकामी राहू द्या."

त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही नावांवर रेघ मारली. आधी नलूच्या, मग अन्नपूर्णेच्या.

महिन्याभराने प्रभाकरराव पुन्हा आले, तेव्हा त्यांना आनंद लपवता येत नव्हता. गुरुजींच्या वर्गाची सरासरी चांगलीच वर होती आणि टी कोष्टकातल्या आकड्याला ओलांडून गेला होता. योगायोग म्हणायला जागा नव्हती. अण्णाजी स्वतः उठून आले. त्यांनी गुरुजींचा हात धरला आणि पुढच्या वर्षी मला तुमची रीत शिकवा म्हणाले, मनापासून. गुरुजींनी होकार दिला. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला होता, आणि त्यांना फक्त घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

कमलाबाई ज्वारी पाखडत होत्या. गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"थ्या हिशेबात नलू होती काय?"

"नाई."

"मंग मले काऊन सांगता?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं.

तुलनेत धरलेल्या पोरांचे गुण शाळेत वाचून दाखवले त्यात अन्नपूर्णेचं नाव आलं नाही. त्या संध्याकाळी मनोहरराव गुरुजींच्या दाराशी आले. ते ह्या वस्तीत कधी येत नसत. नलू गेली तेव्हाही आले नव्हते. उभ्यानेच त्यांनी विचारलं, माह्या पोरीनं परीक्षा दिली, मंग तिचं नाव काऊन गाळलं? गुरुजींनी जोड्यांची सगळी हकिकत सांगितली. अन्नपूर्णेत काही उणं नव्हतं, तिची जोडी मोडली एवढंच.

"कोणासंगं होती जोडी?"

"आमच्या नलूसंगं. वय एकच, पयल्या परीक्षेतले गुणबी एकच."

जोडीचं नाव ऐकून मनोहरराव रागावणार, असं गुरुजींना वाटलं. पण ते ओट्याच्या कडेवर टेकले आणि रस्त्याकडे पाहत बसले. निघताना म्हणाले, "पोरगी गेली थ्या टायमाले याले पाह्यजे होतं मी." एवढंच. त्यांना पाणी कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

त्यानंतर कमलाबाईंना अन्नपूर्णा रस्त्यात दिसायची. नवं परकर-पोलकं, वाढलेली वेणी. कमलाबाई तिला नजरेआड होईपर्यंत बघत आणि घरी येऊन नलू आता एवढी झाली असती असा हात जमिनीपासून धरत. वर्षभरात तो हात वर सरकला. गुरुजींना ते बघवेना. त्यांनी बदली मागितली.

बदली वर्ध्याजवळ सिंदी मेघेला मिळाली. तिथे त्यांनी शब्दांपासूनच शिकवलं. त्यांचे पुठ्ठे नव्या मास्तरांनीही उचलले. लोक पद्धतीबद्दल विचारायला येत आणि ते शांतपणे सांगत. घरात मात्र नलूचं नाव ते घेत नसत. नाव निघालं की ते चप्पल घालून बाहेर जात, आणि कमलाबाई त्यांना अडवत नसत.

नव्या वस्तीत बायका विचारायच्या, तुमाले लेकरं किती? गुरुजी जवळ असले तर मान खाली घालत. कमलाबाई म्हणायच्या, एक पोरगी आहे. कुठं आहे म्हणून कोणी पुढे विचारलं, तर त्या काहीतरी काम काढून आत निघून जायच्या.