हिरामणचे कोरडे रुमाल

हिरामण भोईर म्हणजे नवी मुंबईतल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधला दप्तरी. जुने कागद कापडात बांधायचे, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचं, आणि कुणी मागितला की काढून द्यायचा, हे त्याचं बत्तीस वर्षांचं काम. लाल कापडातला रुमाल कायमचा. तो कधीही नष्ट करायचा नाही. दिवे गेले तरी तो हवा तो रुमाल हाताने चाचपून काढी. वरच्या मजल्यावरच्या अर्ध्या लोकांना त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

त्याला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैला तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं, तेव्हा तो आणि वॉचमन शिवराम यांनी सगळे लाल रुमाल डोक्यावरून वाहून जिन्याच्या वरच्या टप्प्यावर रचले. दोन दिवस हिरामण तुर्भे गावातल्या आपल्या घरी गेला नाही. घरातले वर्षाचे तांदूळ भिजून गेले, पण कचेरीचा एक लाल रुमाल भिजला नाही. त्याबद्दल कुणी त्याला शाबासकीसुद्धा दिली नाही.

गेल्या वर्षी एक दिवस त्याच्याच गावची गोजरा काकी रेकॉर्ड रूमच्या दारात येऊन उभी राहिली. वय सत्तरीचं, हातात घडी घातलेलं पत्र.

"बाला, माजा कागद हितंच बुडाला ना? ती जागा तरी दाखव."

हिरामणला काही कळेना. त्याने पत्र वाचलं. 'आपण मागणी केलेला अभिलेख दि. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नष्ट झाल्याने माहिती देता येत नाही.' खाली जन माहिती अधिकारी हौसेराव नलावडे यांची झोकदार सही.

म्हातारीचं घर पणाला लागलं होतं. ते बेकायदा आहे, पाडून टाकू, अशी नोटीस आली होती. जुन्या घरमोजणीच्या यादीत तिच्या सासऱ्याचं नाव होतं. ती यादी मिळाली तर घर वाचणार होतं. म्हणून तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नलावड्यांनी आधी विचारलं, "कशाला पाहिजे?" अर्जदाराला कारण विचारायचं नाही, असं कायदाच सांगतो. पण विचारायला त्यांचं काय जातं!

हिरामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुडाला? आपण डोक्यावरून वाहिलेला रुमाल बुडाला? तो तडक वर गेला.

"साहेब, यादी शोधली कोनी?"

नलावड्यांनी मोबाइलवरून मानसुद्धा वर केली नाही. "अरे, तो मसुदा कॉम्प्युटरमध्ये तयारच आहे. नाव बदलायचं, प्रिंट काढायची. तीस दिवसांत उत्तर द्यायचं, दिलं. विषय संपला."

"पन रुमाल खाली हाय ना!"

"तू आपलं काम कर."

रेकॉर्ड रूम तिथून चौदा पायऱ्या खाली. एवढा जिना उतरायचा या माणसाला कंटाळा, आणि त्यापायी सत्तर वर्षांची बाई बेघर व्हायची. असे किती अर्ज याने जागच्या जागी बुडवले असतील? ज्या पुरातून हिरामणने कागद वाचवले, त्याच पुराच्या नावावर हे साहेब बिनदिक्कत हात झटकत होते.

त्याच संध्याकाळी हिरामणने गोजराकाकीचं अपील स्वतः लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. बायको म्हणाली, "कशाला अंगाशी आनतास?" तो म्हणाला, "त्यांनी मना खोटा पाडलाय."

महिन्याभराने अपिलाची सुनावणी लागली. सुचिता मॅडम अपिलीय अधिकारी. नलावड्यांनी तेच पुराचं वाक्य घडाघडा वाचून दाखवलं. तेवढ्यात हिरामण काखेत लाल रुमाल घेऊन आत आला.

"तुला कोणी बोलावलं?" नलावडे ओरडले.

"कोनी नाय," हिरामण मॅडमकडे बघत म्हणाला. "पुरात बुडालेला रुमाल तो ह्योच, मॅडम. हात लावून बघा, ओला हाय का."

मॅडमनी स्वतः गाठ सोडली. यादी निघाली. गोजराच्या सासऱ्याचं नाव ठळक अक्षरात होतं. "आजच्या आज साक्षांकित प्रत द्या," मॅडम म्हणाल्या, आणि नलावड्यांकडे खुलासा मागितला.

गोजराने पदराने डोळे पुसले. मग यादीवर बोट ठेवून तिने विचारलं, "बाला, आमच्या शेजारच्या सगुणाचं नाव हाय का रं यात?"

हिरामणने एकच ओळ वर पाहिलं. सगुणा म्हात्रे. "हाय, काकी."

"तिला बी ह्योच कागद आलता. तिला वाटला, सरकार सांगतंय म्हंजे खरंच बुडाला असल. ती गप बसली. शिमग्याच्या आधी तिचं घर पाडलं."

गोजरा नलावड्यांकडे वळली.

"मंग तिचं घर कंच्या पुरात गेलं, साहेब?"

नलावडे माहिती द्यायला बांधील होते. ते खाली मान घालून समोरचे कागद नीट लावत राहिले.