हे बी त्यात येतं व्हय?

छावणीतले किस्से शेणासारखे असतात. सकाळी उचलून टाकावेत, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा ढीग! त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं चौसाळ्याजवळ चारा छावणी काढली होती आणि पेंड वाटायचं काम माझ्याकडं होतं. गडी सकाळी दूध घेऊन जायचे, दिवसभर जनावरांपाशी बायका. मग काय, गप्पांना नुसता ऊत!

*

एकदा तालुक्याहून समुपदेशन करणाऱ्या ताई आल्या. "कुणाला नवरा मारतो?" एकही हात वर नाही. मग ताई म्हणाल्या, "मारणं म्हणजेच छळ असं नाही. अबोला धरणं, पाळत ठेवणं, माहेरी जाऊ न देणं, हेही त्यातच येतं."

पारूकाकू ताडकन उठल्या. "हे बी त्यात येतं व्हय? मग आदी सांगायचं न्हाई का! करा गं हात वर!"

*

काकूंना फार अभिमान, "मालकानं कदी बोट लावलं न्हाई." पण कालवणात मीठ जास्त झालं की मालक महिना महिना बोलायचे नाहीत. तेव्हाही अबोलाच चालू होता. संध्याकाळी ते आले तसं काकूंनी ठणकावलं, "तुमचं न बोलनं त्यात येतंय. ताई म्हनल्या!"

मालकांचा त्या महिन्यातला पहिला शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकला. "कशात?"

*

सुनीताचं नुकतंच लग्न झालेलं, नवरा पुण्याला कंपनीत. तासातासाला व्हिडिओ कॉल! "फोन फिरव. शेजारी कोन हाय?" आम्ही आधी म्हणायचो, लई जीव हाय बाई! आता मात्र सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला होता. पुढचा कॉल येताच काकूंनी फोन हिसकावला आणि थेट म्हशीच्या शेपटाखाली धरला.

"बगा जावईबापू, शेजारी ही हाय. नीट बगा!"

दुसऱ्या दिवशी एकही कॉल नाही. सुनीता हसून हसून बेजार!

*

रुक्मिण सगळ्यात जास्त हसायची, पण स्वतःचं काही बोलायची नाही. भर उन्हात अनवाणी हिंडायची. मला वाटायचं, सवय असेल. शेवटी विचारलंच, "चप्पल कावून घालत न्हाईस गं?"

"ह्यांच्या गाडीच्या डिक्कीत हाय. मी घाटनांदूरला माहेरी जाईन म्हनून संगं घेऊन जातेत."

गेल्या हंगामात ऊसतोडीला अंगात ताप असताना हिनं मोळ्या वाहिल्या होत्या. "वैनी, यंदा मला तोडीला जायचंच न्हाई," ती म्हणाली, "पन आमच्यात बाईला कोन इचारतंय?" इतका राग आला मला त्या माणसाचा!

*

आणि मग छावणीत मुकादम आला, तोडीच्या जोड्या ठरवायला! आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. रुक्मिणीचा नवरा ऐटीत म्हणाला, "आमचा एक कोयता धरा."

रुक्मिणीनं पेंडीची पाटी खाली ठेवली. "अण्णा, मला धरू नका. मी येनार न्हाई."



नवरा भडकला. "नको येऊस! तुज्यावाचून काय अडतंय माझं? अण्णा, मी एकटा येतो."

मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "एकटा म्हंजी अर्धा कोयता. अर्धा कोयता आपन नेत नसतो गड्या!"

नवऱ्यानं मुकादमाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग रुक्मिणीजवळ जाऊन, आम्ही कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "चल की गं."

रुक्मिणीनं पदर खोचला.

"इचारताय का सांगताय?"