छत्रीच्या तोंडातली पट्टी

औंढ्याच्या दत्तोबानं एके काळी अख्ख्या गावाला केबल दिली होती. पुढं घराघरावर छोट्या डिश आल्या आणि धंदा बसला, पण अंगणातली आठ फुटी जाळीची छत्री काही त्यानं हलवली नाही. तिच्यापायी रतनबाईनं वाळवणाची जागा सोडली, जळण पडवीत रचलं, आणि नवरा शिडीवर चढून परमुलखातली चॅनेलं धुंडाळायला लागला की त्याची भाकरी झाकून ठेवली. तोंडानं मात्र सोडायची नाही.

"लोकांची म्हातारी देवळात बसत्यात, आमचं छत्रीला मिठी मारून!"

पण भंगारवाला दारात आला की तीच त्याला वाटेला लावायची. तेवढ्यासाठी दत्तोबा मनातल्या मनात तिला हात जोडायचा.

अशा बाईनं जन्मात पहिल्यांदा छत्रीकडं काही मागितलं. नात कोमल कुस्ती खेळायला मध्य आशियात गेली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची तिची ही पहिलीच मोठी कुस्ती.

"पोरगी फोनवर समदं ब्येस हाय म्हनती," रतनबाई म्हणाली, "पर त्यो गुडघा मला माझ्या डोळ्यानं बघायचाय."

कुस्ती दाखवणारं तिकडचं चॅनेल मोबाईलवर आपल्या देशात लागतच नव्हतं. आभाळात मात्र होतं. दत्तोबानं छत्री त्या सॅटेलाइटकडं वळवली. सिग्नल आला, पण चित्र काही धरेना. दुखणं त्याला कळलं. त्याचा एलएनबी, म्हणजे छत्रीपुढं टांगलेलं सिग्नल पकडायचं डबडं, उभी नाहीतर आडवी लाट धरणारं. त्यातली आडवी बाजूही कधीच जळालेली. आणि हा सिग्नल येत होता मळसूत्रासारखा फिरत. एक चॅनेल उजव्या पिळाचं, दुसरं डाव्या. दोन्ही अर्धीअर्धी आत शिरून नुसती कालवाकालव. डबड्याच्या नळीत टेफ्लॉनची पट्टी तिरकी बसवली की पीळ सरळ होतो. पण कुस्ती दुपारवर आलेली, टेफ्लॉन आणायचा कुठून?

"कसलं आस्तं ते?" रतनबाईनं विचारलं.

"पांढरं, जाड, प्लॅस्टिकवानी."

ती आत गेली आणि सारिकानं, सुनेनं, हौसेनं आणलेली भाजी चिरायची जाड, पांढरी प्लॅस्टिकची पाटी घेऊन आली. कोरी करकरीत.

"इळी असताना ह्याच्यावर कोन चिरतंय? पर तिला सांगू नगा."

दत्तोबानं करवतीनं पट्टी कापली, नळीत उभ्या-आडव्याच्या बरोबर मधोमध तिरकी ठोकली.

"आलं वो!" रतनबाई आतून ओरडली. "पर हितं एक बाई कनीक मळतीया!"

नको ते चॅनेल लागलं होतं. सिग्नल छत्रीवर आपटला की त्याचा पीळ उलटतो, उजव्याचा डावा होतो, हे घाईत तो विसरलाच होता. त्यानं पट्टी उपसून दुसऱ्या अंगाला कलती केली.

"थांबा! कोमी दिसली! हलू नगा, तितंच ऱ्हावा!"

खाली उतरला असता तरी काही बिघडलं नसतं. पण हिंमत होईना. छत्रीच्या आड येऊ नये म्हणून शिडीवर एका कुशीला वाकून तो तसाच राहिला आणि नातीची कुस्ती कानानं बघू लागला.

"धर, धर तिला! आगं, पाय सांभाळ! कोमे, ऊठ!"

दत्तोबा शिडीवरूनच ओरडला.

"रतन? आगं, काय झालं?"

पदरानं डोळे पुसत ती दारात आली.

"हारली. पर त्याच पायावर जोर देऊन उठली कशी, बघाया पायजे हुतं तुमी! गुडघा खनखनीत हाय पोरीचा. या खाली, परत दावत्यात."

तो आत आला तेव्हा खाटेवर ती सरकून बसली होती.

"लय उपकार झालं तुमचं," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

"माझं कसलं? तू इतकी वर्सं..." म्हणत दत्तोबा तिच्याशेजारी टेकला.

"गप बघा आता. हितनंच उठती ती."