माकड उठलं नाही
आज औरंगपुऱ्यातल्या दुकानात डिंकाची बाटली उघडून पाहिली आणि त्या वासानं पहिल्या वर्षाचं गॅदरिंग आठवलं. उत्क्रांतीवर आमच्या कॉलेजची संगीतिका होती. वाद्य एकही नाही, सगळं संगीत लॅपटॉपवर आधीच तयार केलेलं. मी माकड होतो. माझ्या अंगावर डिंकानं सुतळ्या चिकटवत असताना माणसाची भूमिका करणारा सीनियर म्हणाला, "याला कशाला रंगवता? गावाकडून आलाय तसाच सोडा स्टेजवर." सगळे हसले. मीही हसलो, कारण घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, इथं असंच चालत असेल असं वाटलं. प्रयोगात मी खडकावरून उठून अंधारात जायचं आणि त्या जागी, टांगलेल्या माइकखाली, त्यानं येऊन गायचं, असं ठरलेलं. माझ्या उठण्याचा सूर वाजला. मी बसून राहिलो. "ए, ऊठ ना! माझं कडवं सुरू झालं," तो विंगेतून कुजबुजला. मी त्याच्याकडे बघत सावकाश काख खाजवली. लोक हसले. लॅपटॉप कुणासाठी थांबत नाही. त्याच्या कडव्याचं संगीत नुसतंच वाजून संपलं. मग मी उठलो. परतताना रिक्षात वडील म्हणाले, "लई भारी बसला व्हतास. जागचा हलला बी नाहीस!" त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. बाकीच्यांची मेहनतही मी बिघडवली, हे आता कळतं. तरी बाटलीचं झाकण लावताना वाटलं, पुन्हा बसवलं तर पुन्हा उठणार नाही.